गाडी नसलेलं गाव

माथेरानला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘किती पॉइंट झाले?’’ मग आपणही बोटं मोजतो. पॅनोरमा झाला, एको झाला, लुईझा झाला, शार्लोट लेक झालं, सनसेटला ढग होते. परीक्षेत किती प्रश्न सोडवले, तसा हिशोब! अडतीसच्या आसपास पॉइंट आहेत म्हणतात तिथे. दीड दिवसात त्यातले पंधरा केले की सहल वसूल, दहाच झाले तर हॉटेलवाल्याला आणि नवऱ्याच्या उशिरा उठण्याला दोष!

मला विचाराल तर माथेरानमधलं सगळ्यात बघण्यासारखं ठिकाण या यादीत नाहीच. ते म्हणजे दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत जाणारा लाल मातीचा रस्ता. अडीच-तीन किलोमीटरचा, झाडांखालून जाणारा, अगदी साधा. त्याची एकच खासियत. त्यावरून मोटारी, स्कूटर, ट्रक जात नाहीत. नेरळहून घाट चढून आलेल्या गाड्या दस्तुरीला थांबतात. तिथून पुढे चालत जा, घोड्यावर बसा, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून छोट्या गाडीने जा. रुग्णवाहिकेसारखे थोडे अपवाद सोडले तर मोटारगाडीला गावात मज्जाव आहे.

तुम्ही म्हणाल, यात बघण्यासारखं काय? सांगते.

आपण राहतो त्या गावांतले रस्ते डोळ्यांसमोर आणा. फूटपाथ असलाच तर त्यावर दुकानाची पाटी, नाहीतर उभी केलेली मोटारसायकल. मुलीला शिकवणीहून आणायला जाताना तिचा हात आपण घट्ट धरलेला असतो. मागून हॉर्न वाजला की पदर सावरत गटाराच्या कडेला सरायचं. संध्याकाळी जेवण उरकून शतपावली करायची म्हटली तरी गळ्यातलं मंगळसूत्र आत टाकायचं, कारण कोण कधी गाडीवरून येईल याचा नेम नाही. डॉक्टर सांगतात, ‘‘रोज अर्धा तास चाला.’’ आपण मान डोलावतो आणि गच्चीवर फेऱ्या मारतो. गच्ची नसली तर स्वयंपाकघर ते अंगण! रस्ता हा चालण्यासाठी असतो हे आपण बायका विसरूनच गेलो आहोत. रस्ता म्हणजे लवकर उरकायची गोष्ट.

म्हणून माथेरानच्या त्या रस्त्यावर पहिली दहा मिनिटं बाई जरा बावरल्यासारखी चालते. कडेकडेने, मागे वळून बघत. मग हळूहळू तिच्या लक्षात येतं की मागून काही येणार नाही. आलाच तर घोडा, आणि त्याच्या टापा लांबून ऐकू येतात. ती रस्त्याच्या मधोमध येते. पोराचा हात सोडते. पोर पुढे पळतं, आणि ती त्याला हाक मारत नाही. मी तिथे बाजारपेठेत संध्याकाळी बसून हेच बघत होते. साठीच्या दोन जावा चिक्कीच्या दुकानापुढे रस्त्यातच उभ्या राहून गप्पा मारत होत्या, आणि त्यांना ‘‘ओ मावशी, बाजूला व्हा’’ म्हणणारं कुणी नव्हतं. जेवणं झाल्यावर बायका-मुली घोळक्याने फिरत होत्या. आवाज येत होता तो चपलांचा आणि बोलण्याचा. हा पॉइंट कुठल्या नकाशात दाखवणार?

हे गाव असं राहिलं याला थोडा इतिहास आहे. माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. आठशे मीटरच्या आसपास उंचीवरचं हे पठार १८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत भरलं, असं इतिहास सांगतो. पण ‘शोध लावला’ हे साहेबाचं बोलणं. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या ठाकर, कातकरी, धनगर माणसांच्या वाटा त्याआधीपासूनच इथे होत्या. साहेब आले, बंगले आले, पॉइंटांना साहेबांची नि मडमांची नावं मिळाली. मग १९०७ मध्ये नेरळहून डोंगर चढणारी दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी रेल्वे सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची चिकाटी यांतून ती उभी राहिली. आजही ती वीस-एकवीस किलोमीटर वळणं घेत घेत चढते. २६ जुलै २००५ च्या पावसाने तिचे रूळ उखडले, ती २००७ मध्ये पुन्हा धावली. २०१९ च्या पावसाने पुन्हा खीळ बसली, ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नेरळपासून वर येऊ लागली. पावसाळ्यात नेरळचा टप्पा बंद असतो आणि फक्त अमन लॉज ते माथेरान अशी फेरी चालते, हे निघण्याआधी लक्षात ठेवलेलं बरं.

२००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. म्हणून तिथे बांधकामांना आणि वाहनांना मोकळं रान मिळालं नाही. जांभूळ, हिरडा, अंजन यांची दाटी अजून आहे. नशीब असेल तर फांदीवरून झेप घेणारं शेकरू दिसतं. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती पाच हजारांच्याही आत भरली. एवढ्याशा गावात सुट्टीच्या दिवशी किती माणसं चढतात, हे ज्यांनी मे महिन्यातला शनिवार पाहिलाय त्यांना सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, पॉइंट बघूच नका की काय? बघा हो, जरूर बघा. पण थोडे बघा आणि चालत बघा. पहाटे उठवत असेल तर पॅनोरमा पॉइंटला जा. उत्तरेच्या टोकाला आहे, लांब आहे, पण उजाडताना खालची खोरी धुक्यातून एकेक करून वर येतात तो देखावा विसरता येत नाही. दुपारी शार्लोट लेकच्या बाजूला जा. जवळच पिसरनाथाचं देऊळ आहे, ते गावचं दैवत. तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला आहे, तेव्हा त्यात पाय बुडवायचा मोह आवरा आणि मुलांना वेफर्सची पिशवी तिथे टाकू देऊ नका. तिथूनच एको आणि लुईझा पॉइंट फार लांब नाहीत. संध्याकाळी पश्चिमेच्या कड्यावर बसलात की समोर प्रबळगडाचं पठार दिसतं. एवढं दोन दिवसांत झालं तर भरपूर झालं.

आणि एक नाव मुलांना नक्की सांगा, जे घोड्यावरून पॉइंट दाखवताना कुणी सांगत नाही. हुतात्मा भाई कोतवाल यांचं. १ डिसेंबर १९१२ ला याच माथेरानमध्ये, नाभिक कुटुंबात जन्मलेला हा मुलगा पुढे वकील झाला. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, खेड्यात शाळा काढल्या, माथेरान नगरपालिकेचं उपाध्यक्षपद सांभाळलं. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते धारातीर्थी पडले, आणि त्यांच्यासोबत हिराजी पाटीलही. साहेबांच्या हवाखाण्याच्या गावातून साहेबांविरुद्ध उठलेला माणूस! लुईझा कोण होती हे आपल्याला ठाऊक नाही, तरी तिचा पॉइंट पाठ असतो. कोतवालांचं नाव निदान आपल्या पोरांना माहीत असावं.

इथवर सगळं गोड झालं. पण गाडी नसलेल्या गावाची दुसरी बाजूही आहे, आणि ती बघितल्याशिवाय परतू नये असं मला वाटतं.

गाडी नाही म्हणजे ओझं नाही, असं होत नाही. ओझं असतंच, ते कुणाच्या तरी अंगावर जातं. दस्तुरीला उतरलात की हमाल समोर येतात आणि त्यांत बायकाही असतात. खालच्या वाड्यांमधून डोंगर चढून आलेल्या, डोक्यावर चुंबळ, पायात साध्या स्लीपर. आपल्या चाकांच्या बॅगा त्या रस्त्यावर चालत नाहीत, मग त्या बॅगा त्यांच्या डोक्यावर. एकीला मी विचारलं, ‘‘ताई, जड नाही होत?’’ ती हसली. म्हणाली, ‘‘बॅगेला चाकं हायत, पण ती इथं चालत नायत. शेवटी आमचं डोकंच.’’ त्या बॅगेत काय असतं हो? दोन दिवसांसाठी प्रत्येकाचे पाच जोड कपडे, इस्त्री, चिवड्याचे डबे, आणि फोटोसाठी उंच टाचांच्या चपला. सहलीला निघताना बॅगा भरतो आपणच. तेव्हा ते वजन कमी करणंही आपल्याच हातात आहे.

दुसरी गोष्ट हातरिक्षाची. दोन माणसं मागून ढकलतायत, एक पुढून ओढतोय आणि आत आपल्यातलंच कुणीतरी बसलंय, हे दृश्य माथेरानने वर्षानुवर्षं पाहिलं. आत बसणाऱ्याला नावं ठेवणंही सोपं नाही. गुडघे गेलेली आजी असेल, नववा महिना लागलेली गावातलीच सून असेल. तिने काय करायचं? पर्यटकाला चालणं म्हणजे मजा. पण ज्या मुलांना रोज शाळेसाठी ही पायपीट करायची, ज्या बाईला गॅसचा सिलिंडर, तांदूळ, औषध सगळं घोड्याच्या पाठीवरून आल्यामुळे चार पैसे जास्त देऊन घ्यायचं, तिला ही मजा रोज परवडत नाही. आपल्या दोन दिवसांच्या शांततेची किंमत कुणीतरी बारा महिने भरत असतं.

म्हणूनच ई-रिक्षाची मागणी गावातून पुढे आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर काही ई-रिक्षा धावू लागल्या. शाळेची मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा मोठा आधार झाला. पुढे ६ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं हे आपल्या संविधानाने दिलेल्या प्रतिष्ठेच्या वचनाशी जुळत नाही. सहा महिन्यांत हातरिक्षा टप्प्याटप्प्याने बंद करा. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना राज्य सरकारने आखावी आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नये, असंही बजावलं. त्याच निकालात एक ओळ आपल्या कामाची आहे. ओढणाऱ्यांना रिक्षा दिल्यानंतर उरलेल्या ई-रिक्षा परिसरातल्या आदिवासी महिलांना आणि इतरांना उपजीविकेसाठी देता येतील, असं न्यायालयाने सुचवलं.

मला ही सूचना फार मोलाची वाटते. आज जी बाई डोक्यावर बॅग घेऊन चालते, तिच्या हाती उद्या हँडल आलं तर? कोल्हापूर-नागपुरात बायका रिक्षा चालवतात, एसटीत बायका कंडक्टर झाल्या. मग वाडीतली ठाकरीण ई-रिक्षा का चालवू शकणार नाही? परवाना तिच्या नावावर आणि पैसे मात्र दुसऱ्याच्या खिशात, असं होऊ नये एवढं बघायला हवं. सरपंचपद बाईचं आणि सही ‘सरपंचपतीं’ची, हा खेळ आपण गावोगाव पाहिलाय.

घोडेवाल्यांची धास्तीही खरी आहे. शेकडो घोड्यांवर घरं चालतात. रिक्षा वाढल्या तर आमचं काय, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. दुसऱ्या बाजूला, दस्तुरीवर पर्यटकांची दिशाभूल होते, त्यांना खोटंनाटं सांगून जास्त पैसे उकळले जातात, म्हणून मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनीच बंद पुकारला होता, हेही खरं. यावर माझं साधं मत असं : ई-रिक्षा असाव्यात, पण मोजक्या. आधी रुग्ण, गरोदर बायका, म्हातारे, अपंग आणि शाळकरी मुलं. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी चालावं. नाहीतर रिक्षांची रांग लागेल, रिक्षांसाठी रस्ते गुळगुळीत होतील, गुळगुळीत रस्त्यावर मोठ्या गाड्यांची मागणी येईल, आणि एक दिवस माथेरानच्या बाजारपेठेतही आपण पदर सावरत गटाराच्या कडेला सरू. गाडी नाही हेच ज्या गावाचं वैभव, तिथे गाडी आणायची तर चमच्याने मोजूनच आणायला हवी.

तुम्ही जाणार असाल तर चार गोष्टी सांगते. शनिवार-रविवार आणि मे महिना टाळता आला तर टाळा. बॅग एवढीच भरा की ती आपली आपल्याला उचलता येईल. मदत लागलीच तर हमालाशी आधी दर ठरवा, पण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. मॉलमध्ये छापील किमतीला मान तुकवणाऱ्या आपण, डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बाईशीच का भांडतो? बंद बूट घाला, लाल माती साडीच्या काठाला चिकटली की धुवून जात नाही. दस्तुरीला कुणी ‘‘लई लांब आहे, पायी जमायचं नाही’’ म्हणालं तर घाबरू नका. रुळांच्या कडेकडेने पाऊण तासात बाजारपेठ येते. सासूबाई सोबत असतील तर त्यांच्यासाठी अमन लॉजची गाडी आधी विचारून ठेवा. आणि पॉइंटवर निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाची सोय बघून घ्या. सोय नसेल, घाण असेल, तर तिथल्या नगरपरिषदेला पत्र लिहा. बायकांनी तक्रार केली नाही की गरजच नाही असं गृहीत धरलं जातं.

आणखी एक. सहलीला जाऊनही आपलं स्वयंपाकघर आपल्या मानेवर असतं. कुणी काय खाल्लं, कुणाचं स्वेटर राहिलं, कुणाची गोळी चुकली. एक सकाळ तरी हे सगळं घरच्यांवर सोपवा आणि एकट्या तासभर चालून या. हवं तर जावेला, नणंदेला, शेजारणीला घेऊन जा. कुठल्या पॉइंटला नाही, नुसतं रस्त्याने. तिथे ते जमतं.

आणि ते तिथेच का जमावं, हा खरा प्रश्न आहे. आपल्या तालुक्याच्या गावात डोंगर नाही, शेकरू नाही, छोटी रेल्वे नाही. पण रस्ता तर आहे! सगळं गाव गाडीमुक्त करा असं कोण म्हणतंय? एक रस्ता, देवळाकडचा किंवा शाळेकडचा. रोज संध्याकाळी दोन तास त्यावर गाड्या बंद, दिवे चालू आणि बसायला चार बाकं. याला कोट्यवधींचा निधी लागत नाही. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तुमच्या वॉर्डातली नगरसेविका बहुधा तुमच्याच भिशीत असेल, नाहीतर हळदीकुंकवाला तरी भेटेल. वाण घेताना तिच्या कानावर घाला. एकीने सांगितलं तर ती हसेल, दहाजणींनी सांगितलं तर विचार करेल, आणि पन्नासजणी सह्यांचा कागद घेऊन गेल्या तर तिलाही तो विषय सभेत मांडायला बळ येईल.

पुढच्या वेळी माथेरानहून आलेल्या मैत्रिणीला ‘‘किती पॉइंट झाले?’’ विचारू नका. ‘‘किती चाललीस?’’ असं विचारा. आणि मग, ‘‘इथे कधी चालायचं?’’ असं विचारून तिलाही त्या कागदावर सही करायला लावा.